आकडी, एस-हुक, रिंग, स्प्रिंग: घरच्या वर्कशॉपमधलं तारकाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गॅलरीत एक वाइस, एक ड्रिल मशीन आणि नेहमीची पक्कड-हातोडी एवढं तुमचं वर्कशॉप. लाकडी पेट्या आणि चिमण्यांसाठी घरटी बनवता, आणि त्यांना लागणाऱ्या आकड्या, एस-हुक, रिंगा, छोट्या स्प्रिंगा विकत न आणता स्वतः तारेपासून करायच्या आहेत. करून पाहिल्या, पण हुक वजनानं उघडतात, रिंगा एकसारख्या येत नाहीत आणि स्प्रिंग चार दिवसांत ढिली पडते. तर तार कुठली घ्यावी, हत्यारं कुठली घ्यावीत आणि समुद्राजवळच्या घरात गंजाचं काय करावं, असं विचारलंय.

हत्यारांकडे नंतर येतो. आधी तारेचा स्वभाव बघू, कारण तुमच्या तिन्ही तक्रारी तिथूनच निघतात. तार वाकवून सोडली की ती थोडी तरी मागे येते. मऊ तार अगदी किंचित मागे येते आणि दिलेल्या आकारात राहते. कडक तार बरीच मागे येते, आणि मागे येण्याची ही ओढ म्हणजेच स्प्रिंगची ताकद. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तूबद्दल एवढंच ठरवायचं: हिनं आकार धरून राहायचंय, की दाबली-ओढली तरी मूळ जागी परत यायचंय? रिंग, एस-हुक, कोयंडा, स्प्लिट पिन या धरून राहणाऱ्या. स्प्रिंग, क्लिप, सेफ्टी पिन, उंदराच्या सापळ्याची झडप या परत येणाऱ्या. एकीला दुसरीची तार वापरली तर हात कितीही चांगला असला तरी काम फसतं. तुमची ढिली पडणारी स्प्रिंग बहुतेक जीआय तारेची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या मऊ लोखंडी तारेची असणार. तिला परत यायला शिकवता येत नाही.

तार हातात आल्यावर पारखायची सोपी रीत आहे. साध्या पेन्सिलीभोवती तारेचा अर्धा वेढा घट्ट आवळून द्या आणि सोडा. सेंट्रिंगवाले लोखंडी सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर जिथल्या तिथे बसून राहील. तेवढ्याच जाडीची सायकलची तार, म्हणजे स्पोक, आधी वाकायलाच नको म्हणेल आणि सोडल्यावर चांगली उघडेल. स्प्रिंगची पोलादी तार त्याहून जास्त उघडेल. दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा या चाचणीवर विश्वास ठेवा.

आता बाजार. तार गेजवर विकली जाते आणि आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे सुमारे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.६४, १४ म्हणजे २.०३, १६ म्हणजे १.६३, १८ म्हणजे १.२२ आणि २० म्हणजे ०.९१ मिमी. तरीही खिशात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घेऊनच जा. गुंडाळीवर लिहिलेला गेज आणि तारेची खरी जाडी यांत फरक सापडतो, आणि तारकामात दोन दशांश मिलिमीटरचा फरकही पुढे महागात पडतो. कसा ते स्प्रिंगच्या गणितात दिसेलच.

धरून राहणाऱ्या वस्तूंसाठी माझी पहिली पसंती हार्डवेअरच्या दुकानातल्या गुंडाळीला नाही, वेल्डिंगच्या दुकानातल्या कांड्यांना आहे. गॅस वेल्डिंगला लागणाऱ्या, वरून तांब्याचा पातळ थर दिलेल्या मऊ पोलादाच्या कांड्या १.६, २, २.५ आणि ३.१५ मिमी अशा जाडीत, साधारण मीटरभर लांबीच्या मिळतात. त्या सरळ असतात हा सगळ्यात मोठा फायदा. तसंच पितळेच्या ब्रेझिंगच्या कांड्या आणि आर्गॉन वेल्डिंगच्या स्टेनलेस कांड्या. किलोवर घेतल्या तर एका फेरीत वर्षभराचं सामान होतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी पालथी घातलीत तर हे सगळं मिळेल, पण जवळच्या वेल्डिंग सप्लायवाल्याकडेही मिळतं.

परत येणाऱ्या वस्तूंसाठी पियानो वायर किंवा म्युझिक वायर या नावानं मिळणारी उच्च कार्बनची, थंड ओढलेली (न तापवता ओढून बारीक केलेली) पोलादी तार घ्या. अगदी बारीक हवी असेल तर तंतुवाद्यांच्या दुकानात जा. सतारीची किंवा गिटारची साधी, वर वेढे नसलेली पोलादी तार याच जातीची. २ मिमीसाठी जुन्या सायकलचे स्पोक उत्तम. स्टेनलेस स्प्रिंग तार वेगळी मिळते, ती मागताना ‘स्प्रिंगची’ असं स्पष्ट म्हणायचं, कारण ३०४ नंबरची तीच तार मऊही येते आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

जीआय तारेबद्दल दोन गोष्टी. तिच्यावरचा जस्ताचा थर जोरात मोडलेल्या ठिकाणी तडकतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो, म्हणून तिला मोठ्या वळणाचीच कामं द्या. दुसरं फार महत्त्वाचं: जीआय तार कधीही टॉर्चनं तापवू नका. जस्त जळून पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गॅलरी उघडी आहे म्हणून चालेल असं नाही.

गुंडाळीतली तार वापरायची वेळ आलीच तर आधी सरळ करा. वाकडी तार फर्म्यात, म्हणजे एकसारखे नग वाकवायच्या साच्यात, घातली तर वस्तू वाकडीच निघणार. मऊ तारेचं एक टोक वाइसमध्ये, दुसरं पक्कडीत धरून तीन-चार मीटरचा तुकडा ओढायचा. ओढता ओढता एका क्षणी तार हाताखाली किंचित सैल पडल्यासारखी वाटते, म्हणजे ती दोन-चार बोटं लांबली आणि सरळ झाली. तिथे थांबायचं. १८ गेजला यासाठी तीसेक किलोची ओढ लागते, १६ गेजला पन्नासेक, त्यामुळे १६च्या वर तरफ लावूनच करा. स्प्रिंगची तार अशी ओढून सरळ होत नाही. तिच्यासाठी फळीवर पाच खिळे नागमोडी ठोकून त्यांच्यामधून ती दोन-तीनदा खेचायची, किंवा सरळ लांबीतच विकत घ्यायची.

आता तुमचे उघडणारे हुक. इथे थोडं गणित केलं तर डोळे उघडतात. ३ मिमी मऊ पोलादी तारेचा हुक, आतला व्यास २० मिमी. याच्या पाठीवर वाकवणारा जोर येतो तो वजन गुणिले तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे साडेअकरा मिमी. हिशेब केला की पाच-सहा किलोला हा हुक कायमचा उघडायला लागतो. तोच हुक १२ मिमी आतल्या व्यासाचा केला तर नऊ किलोपर्यंत टिकतो. आणि व्यास २०च ठेवून तार ४ मिमीची घेतली तर तेरा किलोपर्यंत जातो, कारण वाकण्याविरुद्धची ताकद तारेच्या जाडीच्या घनानुसार वाढते. म्हणजे लोक करतात तसं तारेचं दुहेरी वळण घेण्यापेक्षा गळा अरुंद करणं आणि तार एक पायरी जाड घेणं जास्त उपयोगाचं. कामाचं वजन या आकड्यांच्या निम्म्यावर ठेवा.

यावर एक फुकटची ताकद मिळते. हुक वाकवून झाला की तो ऐरणीवर आडवा झोपवा आणि वळणाच्या पाठीवर हातोडीचे पाच-सहा बेताचे ठोके द्या. तार तिथे किंचित चपटी होते, तिची रुंदी वळणाच्या प्रतलात वाढते, म्हणजे नेमकी जिकडून हुक उघडायला बघतो तिकडची जाडी वाढते. शिवाय ठोक्यांनी धातू कडक होतो. ऐरण नसेल तर रेल्वेच्या रुळाचा तुकडा किंवा वाइसची पाठ चालते. मात्र चपटं करताना धार येईपर्यंत मारू नका. पाव भाग जाडी कमी झाली की बास.

आणि डोळा, म्हणजे तारेच्या टोकाचा गोल, तो वजन घेणार असेल तर नुसता वळवून सोडू नका. टोक दांडीभोवती अडीच-तीन वेढे घट्ट गुंडाळून कापा. उघडा डोळा वजनानं सरळ व्हायला बघतो, गुंडाळलेला तसा उघडत नाही. एक गोष्ट निक्षून: झोपाळा, पाळणा, डोक्यावर टांगलेली जड कुंडी यांना घरी केलेला तारेचा हुक लावू नये. तिथे घडीव किंवा भार लिहिलेलाच हुक हवा.

एकसारखेपणाचं उत्तर म्हणजे फर्मा. पक्कडीनं एकेक नग सारखा काढणारे हात असतात, पण ते दिवसभर तेच काम करणाऱ्यांचे. आपण फर्मा करावा. मऊ तारेसाठी सागवानाचा किंवा बाभळीचा ठोकळा आणि डोकी कापलेले जाड खिळे पुरतात. स्प्रिंगच्या तारेला ६ मिमी पोलादी पट्टी आणि तिच्यात ठोकून बसवलेल्या, जुन्या ड्रिल बिटांच्या मागच्या दांड्यांच्या खुंट्या लागतात. लाकडात खुंटी हलते आणि पंचविसाव्या नगापर्यंत माप सरकतं.

एस-हुकचा फर्मा उदाहरणादाखल सांगतो. आतला व्यास १२ मिमी, तार ३ मिमी. तारेच्या मध्यरेषेवरचा व्यास १५, त्याचा पूर्ण घेर ४७ मिमी. प्रत्येक बाजूला पाऊण वेढा, म्हणजे ३५ आणि ३५, मध्ये १० सरळ. एकूण ८० मिमी. लांबी काढताना नेहमी आतला व्यास अधिक तारेची जाडी धरायची. नुसता आतला व्यास धरला की तुकडा आखूड पडतो. पट्टीवर दोन खुंट्या, तुकड्याच्या टोकासाठी एक अडसर, म्हणजे प्रत्येक तुकडा त्याच जागी सुरू होईल. आता गंमत खुंटीच्या जाडीत आहे. तार मागे येणार, म्हणून खुंटी १२ची नको, थोडी बारीक हवी. किती बारीक हे कुठल्याही तक्त्यापेक्षा तुमची तारच बरोबर सांगते: पहिला नग वाकवा, मोजा, खुंटी बदला, पुन्हा वाकवा. मऊ तारेला अर्धा मिमी फरक पुरतो, कडक तारेला व्यासाच्या आठव्या ते पाचव्या हिश्शापर्यंत लागतो. माप एकदा बसलं की मग डोळे मिटून पन्नास काढा, सारखेच येतील. नवीन गुंडाळी उघडली की मात्र पहिला नग परत मोजायचा, कारण तार तीच असली तरी कडकपणा बदललेला असतो.

हत्यारांत गोल नाकाची पक्कड, चपट्या नाकाची दातेरी नसलेली पक्कड, चांगला साइड कटर, बारीक दातांची कानस आणि जवाहिऱ्यांची करवत एवढं घ्या. बाजारातल्या पक्कडींच्या जबड्यांत दाते असतात आणि ते पितळेवर ओरखडे काढतात. ते दाते पॉलिश पेपरनं घासून काढायला हरकत नाही. स्प्रिंगची तार तुमच्या चांगल्या कटरनं तोडू नका, पात्यात खाच पडते आणि तो कटर मग मऊ तारेलाही नीट चालत नाही. ग्राइंडरच्या पातळ चकतीनं कापा, किंवा तिकोनी कानशीनं खाच पाडून मोडा. तुटलेलं टोक कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून चष्मा डोळ्यांवर हवाच, आणि कापताना तुकडा फडक्यात धरा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे मात्र काढून ठेवा.

पेटीची आकडी मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं तारकाम त्या एका वस्तूत येतं. २ मिमी पितळी तार, ८० मिमीचा तुकडा. टोक आधी कानशीनं सपाट. गोल नाकाच्या पक्कडीचं नाक निमुळतं असतं. त्यावर ४ मिमी व्यास जिथे येतो तिथे मार्करनं रेघ ओढून ठेवा, म्हणजे प्रत्येक डोळा तेवढाच येईल. तारेचं टोक त्या रेघेवर, जबड्याच्या कडेला जराही बाहेर न येता धरा आणि मनगट फिरवा. एका दमात पूर्ण वेढा होणार नाही. पक्कड सोडून मागे घ्या, परत धरा, परत फिरवा. डोळा बंद झाला की तो दांडीच्या एका अंगाला लोंबतोय असं दिसेल. आता डोळ्याच्या मानेशी पक्कडीचं टोक टेकवून दांडी उलट दिशेला थोडी मोडा. डोळ्याचा मध्य दांडीच्या रेषेत आला पाहिजे. ही मान मोडलेली नसेल तर आकडी फिरताना लंगडते आणि ओढ सरळ बसत नाही. बाजारू आकडी आणि हातानं निगुतीनं केलेली आकडी यांत मला सगळ्यात आधी दिसतो तो हाच फरक.

दुसऱ्या टोकाचं वळण आत्ता करू नका. आधी डोळा पेटीच्या झाकणावर बसवा, पेटी बंद करा, आकडी खाली सोडा आणि कोयंडा जिथे आहे तिथे तारेवर खूण करा. त्या खुणेच्या तारेच्या निम्म्या जाडीएवढं अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, काटकोनात मोडायचं. त्यामुळे आकडी अडकताना झाकण किंचित खाली खेचलं जातं आणि पेटी खडखडत नाही. टोकाला १० मिमी ठेवून त्याचं शेवट बाहेरच्या अंगाला किंचित वळवा, बोटाला धरायला. मग दांडीवर हातोडीचे हलके ठोके, कडकपणासाठी.

कोयंडा त्याहून सोपा. १.६ मिमीचा तुकडा एका ४ मिमी खिळ्याभोवती अर्धा वळवून दोन्ही पाय जवळ आणा, पेटीला दोन्ही पाय जेमतेम मावतील एवढं भोक पाडा, पाय आत घाला आणि आतून दोन बाजूंना फाकवून टोकं लाकडात ठोकून बसवा. स्क्रू नको, गोंद नको. जुन्या दारांचे आणि संदुकांचे कोयंडे याच रीतीनं बसवलेले सापडतात. असे दोन कोयंडे एकमेकांत अडकवून एक झाकणात आणि एक पेटीत ठोकला की त्याचीच बिजागरी होते. छोट्या पेटीला ही बिजागरी विकतच्या पातळ पत्र्याच्या बिजागरीपेक्षा कितीतरी जास्त शोभते, आणि टिकतेही.

रिंगांना वेळ कमी लागतो. पोलादी दांडीवर तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा, गुंडाळी दांडीसकट वाइसमध्ये हलकेच धरा आणि लांबीनं बारीक करवतीनं कापत जा. एकेक रिंग सुटी होत जाईल. कटरनं तोडलं तर एक टोक पाचरीसारखं राहतं आणि सांधा मिटत नाही, म्हणून करवतच. मिटवताना टोकं एकमेकांकडे दाबू नका. दोन पक्कडींनी रिंग बाजूला पिळून उघडायची, साखळीत घालायची आणि उलट पिळून, थोडी पलीकडे नेऊन, परत जागेवर आणायची. वजन घेणारी रिंग झाळून घ्या: टाकणखार लावून पितळेचा किंवा चांदीच्या मिश्रधातूचा डाग द्यायचा. झाळल्यावर मऊ पोलादी रिंग आपोआप निवू द्या. पितळ मात्र पाण्यात विझवलं तरी मऊच राहतं. पितळ वाकवता वाकवता ताठ झालं तर हीच युक्ती वापरा, अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लाल दिसेपर्यंत तापवून विझवायचं. त्यापुढे तापवलं तर त्यातलं जस्त धुरावाटे जायला लागतं.

आता स्प्रिंग. तिची ताकद, म्हणजे एक मिमी दाबायला किती बल लागतं, ते चार गोष्टींवर ठरतं. तारेच्या जाडीचा चतुर्थ घात गुणिले पोलादाचा ७९,००० हा अंक, आणि त्याला भागायचं आठ गुणिले वेढ्याच्या मध्यव्यासाचा घन गुणिले मोकळ्या वेढ्यांची संख्या. १ मिमी तार, मध्यव्यास ९, दहा वेढे: उत्तर १.३५ न्यूटन, म्हणजे एक मिमी दाबायला साधारण १४० ग्रॅम. आता फक्त तार १.२ मिमीची घ्या. उत्तर दुपटीच्या वर जातं. व्हर्नियर घेऊन जा म्हटलं ते यासाठी. स्प्रिंग कडक झाली तर तार बदलण्याआधी वेढे वाढवून बघा, नरम झाली तर वेढ्याचा व्यास जरा कमी करा. मध्यव्यास तारेच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी नको आणि बारापटीपेक्षा जास्त नको, या मर्यादेत हातानं गुंडाळणं जमतं.

गुंडाळायला मशीनच्या ड्रिलपेक्षा हातानं फिरवायचा दांडा मला जास्त भरवशाचा वाटतो. ७ मिमी दांडीचं एक टोक हँडलसारखं दोनदा काटकोनात मोडा, दुसऱ्या टोकाला तार अडकवायला आडवं बारीक भोक. ही दांडी दोन सागवानी ठोकळ्यांच्या मध्ये ठेवून वाइसमध्ये आवळा, तारही त्याच ठोकळ्यांमधून जाऊ द्या. दांडा फिरवला की लाकूड तारेला दाबून ताण देतं आणि वेढे आपले आपण एकमेकांशेजारी बसत पुढे सरकतात. वाइस जितकी आवळाल तितका ताण. आतून ८ मिमी हवी असेल तर ७ मिमी दांडीपासून सुरुवात करा, मग तार काय म्हणते ते बघून फरक करा. गुंडाळून झाल्यावर वाइस एकदम सोडू नका. दांडा हातात धरून हळूहळू उलटा फिरू द्या, नाहीतर आतली ओढ एका झटक्यात सुटते आणि तारेचं टोक बोटावर येतं.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणून स्प्रिंग ढिली पडते. गुंडाळताना तारेत आतला ताण राहून जातो, तो काढावा लागतो. पियानो वायरची स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या ओव्हनमध्ये, २३० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि बाहेर काढून निवू द्या. रंग पिवळसर होईल. वेढ्याचा व्यास यात किंचित कमी होतो, तो हिशेबात धरा. स्टेनलेसला याहून शंभरेक अंश जास्त लागतात आणि तिचे वेढे उलट किंचित मोठे होतात, त्यामुळे घरच्या ओटीजीत ते काम होत नाही. टॉर्चनं लाल केलेली स्प्रिंग मात्र गेलीच समजा. ताण काढल्यावर दाबाची स्प्रिंग चार-पाच वेळा पूर्ण मिटेपर्यंत दाबा. ती थोडी आखूड होईल आणि मग त्याच लांबीला राहील. म्हणून करताना जराशी लांब करायची. ओढीच्या स्प्रिंगचा हुक शेवटचा वेढा उचलून करतात, आणि ती तुटते तीही तिथेच. वेढा उचलताना धारदार जबड्यानं मोडू नका, गोल नाकावरच वळवा.

सराव म्हणून सेफ्टी पिन करून बघा. वॉल्टर हंट यांनी १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये तिचं पेटंट घेतलं तेव्हा एकाच पितळी तारेत स्प्रिंगचा वेढा, दांडी आणि टोक लपवायचा आकडा असं सगळं बसवलं होतं. ०.९ मिमी स्प्रिंग तारेत ती नीट जमली की तुम्हाला तार कळली.

शेवटी गंज. किनाऱ्यालगतच्या खारट हवेत उघडी पोलादी तार पावसाळाभरही धड राहत नाही. घरट्यासारख्या बाहेर टांगायच्या वस्तूंना ३१६ नंबरचं स्टेनलेस वापरा. ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी ठिपके येतात. घरातल्या पेट्यांच्या मऊ पोलादी वस्तू निळसर होईपर्यंत तापवून गरम असतानाच जवसाच्या तेलात बुडवा, काळा टिकाऊ रंग बसतो. पण हे स्प्रिंगला नको. तांब्याचा थर असलेली कांडी आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या.

पितळ गंजत नाही, पण त्याचा एक शत्रू आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवत, आणि ती आपोआप तडकत. १९२१ साली कारण कळलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड ओढलेल्या पितळेत राहून गेलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. तुमच्या पितळी आकड्या गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा अमोनियाच्या क्लीनरनं पुसल्या जाणाऱ्या जागी लागणार असतील, तर त्यांनाही वाकवून झाल्यावर ओटीजीत २५० अंशांवर तासभर ठेवा. आकार आणि कडकपणा तसाच राहतो, ताण मात्र बराच निघून जातो. आणि स्क्रू त्याच धातूचे लावा, पितळेला पितळ, स्टेनलेसला स्टेनलेस. खाऱ्या हवेत पितळी आकडीला जीआय स्क्रू लावला तर आधी त्याचं जस्त जातं, मग तो गंजून डोक्याशी तुटतो.